सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या तरुणाचा खर्च सरकारने का उचलावा

घरात पैसा नसलेल्या मराठी तरुणाला परदेशी जायचं असेल, तर सरकारकडे त्याच्यासाठी दोन दरवाजे आहेत. पहिला पदवीचा. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीतून राज्य सरकार अनुसूचित जातींतल्या ७५ विद्यार्थ्यांना पाठवतं. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. दुसरा दरवाजा नोकरीचा. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी १० हजार कुशल तरुण पाठवायचं ठरवलं. हे दोन्ही दरवाजे हवेत, अजून रुंद व्हायला हवेत. पण पदवी नको, नोकरीही नको, सहा-आठ महिने दुसऱ्या देशातल्या एखाद्या गावात लोकांबरोबर काम करायचं आहे, तिथली माणसं आपला गाव कसा चालवतात ते आतून बघायचं आहे आणि परत यायचं आहे, असं कोणी म्हणालं, तर त्याच्यासाठी आपल्याकडे नियमित असं काहीही नाही. अशी इच्छा फक्त श्रीमंत घरातल्या मुलांना परवडते. ती मुलं एखाद्या खासगी कंपनीला लाखभर रुपये भरतात आणि जातात.

हे बदलायला हवं, आणि सरकारी पैशाने बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

युरोपने ही वाट सरकारी खर्चाने बांधली आहे. १९८७ साली ‘इरॅस्मस’ सुरू झाला तेव्हा ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी शेजारच्या देशांत शिकायला गेले. तो विद्यापीठांपुरताच होता. पुढे त्यांच्याच लक्षात आलं की यात कॉलेजात न जाणारी मुलं बाहेरच राहतात. १९९६पासून स्वयंसेवकांसाठी वेगळी योजना आली आणि २०१८पासून ती ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर’ या नावाने चालते. १८ ते ३० वर्षांचा तरुण दोन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत दुसऱ्या देशात जातो. वृद्धाश्रमात, जंगल राखणाऱ्या संस्थेत, निर्वासितांच्या केंद्रात, ग्रंथालयात काम करतो. प्रवास, राहणं, जेवण, विमा, भाषेचे वर्ग आणि रोजचा हातखर्च हे सगळं योजनेतून मिळतं. पदवीची अट नाही, गुणांची नाही, पूर्वानुभवाचीही नाही. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी त्यावर १०० कोटी युरोंची तरतूद आहे. ‘इरॅस्मस’चंच आजचं रूप असलेल्या ‘इरॅस्मस प्लस’ची तरतूद २,६०० कोटींच्या घरात जाते, त्यापुढे ही रक्कम लहान आहे. पण एका गोष्टीचा मला फार हेवा वाटतो. याच योजनेत किमान पाच तरुण एकत्र आले, तर त्यांना आपल्याच गावात स्वतः ठरवलेलं काम करायला काही महिने पैसे मिळतात. स्थापनेचं प्रमाणपत्र, लेखापरीक्षणाचे अहवाल, अध्यक्ष-सचिव असलं काही असावं लागत नाही. पाच जण, एक प्रश्न आणि त्यावरची योजना एवढं पुरतं. सरकार आपल्या विशीतल्या नागरिकांवर एवढा विश्वास टाकतं.

आता लगेच येणारा आक्षेप. ‘आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेचं छप्पर गळतंय आणि तुम्ही पोरांना परदेशी पाठवायच्या गोष्टी करता?’ हा आक्षेप खोटा नाही. ज्याला छप्पर गळताना दिसतं, त्यालाच तो बोलायचा हक्क आहे. शिवाय आहे त्या शिष्यवृत्त्यांचे पैसेही वेळेवर निघत नाहीत. जुलै २०२५मध्ये राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच पत्रं गेली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर, असं कळवण्यात आलं. अशा काळात नवी मागणी करताना नेमकं सांगावं लागतं की यातून काय हाती लागेल. म्हणून एकच उदाहरण घेतो, पण जरा खोलात जाऊन.

जुलै २०२१. १४ तारखेच्या रात्री जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात पूर आला. एका रात्रीत त्या खोऱ्यातली १३०हून अधिक माणसं गेली. आठवड्याभरानंतर, २२ जुलैला, चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि पहिला मजला गिळून बसलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८०हून अधिक जीव गेले. पाणी ओसरल्यावर दोन्हीकडे एकच दृश्य होतं: गुडघाभर चिखल, कुजलेलं धान्य, रस्त्यावर काढून टाकलेल्या गाद्या आणि कपाटं. दोन्हीकडे दूरदूरून तरुण आले. चिपळूणला मुंबई-पुण्याहून, कोल्हापूर-सांगलीहून पोरं फावडी आणि घमेली घेऊन आली, अनोळखी माणसांच्या दुकानांतला गाळ उपसला. आरच्या खोऱ्यातही हजारोंनी माणसं आली. आपुलकीत काडीचा फरक नव्हता.

फरक होता तो आधीच्या तयारीत. जर्मनीत पगारी अग्निशमन दल जेमतेम शंभरेक शहरांत आहे. बाकी सगळा देश गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांवर चालतो आणि त्यांत सुमारे १० लाख सदस्य आहेत. सुतार, शिक्षक, दुकानदार, शेतकरी. दहा-बारा वर्षांची मुलं किशोर पथकात येतात, नळी कशी जोडायची ते खेळता खेळता शिकतात आणि मोठी झाली की मुख्य दलात जातात. ‘टीएचडब्ल्यू’ ही आपत्ती निवारणाची केंद्रीय यंत्रणा १९५० साली उभी राहिली. तिच्यातले ८० हजारांवर लोक जवळपास सगळे स्वयंसेवक आहेत. पंप, जनरेटर, तात्पुरते पूल, पाणी शुद्ध करायची यंत्रं हे सगळं ते चालवतात. भोंगा वाजला की माणूस हातातलं काम टाकून निघतो. मालकाला त्याचा पगार कापता येत नाही; कायद्याने तो सोडावाच लागतो आणि खासगी मालकाला त्या वेळेची भरपाई सरकार देतं. तिथे सेवाभावाच्या मागे अशी पक्की व्यवस्था उभी आहे. एवढं असूनही आरच्या खोऱ्यात इशारा वेळेत पोचला नाही, हेही खरं आहे. पैसा आणि यंत्रं असलेला देश कुठे चुकला, हेसुद्धा जाऊन बघण्यासारखं आहे.

आपल्याकडे काय आहे? ऑगस्ट २०१९मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढताना क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि माणसं बुडाली. बोट नेणारेही गावचेच होते, जीव धोक्यात घालून मदत करत होते. त्यांच्या धाडसात कमी नव्हती. बोटीत किती माणसं बसवायची, लाइफ जॅकेट कोणाला आधी, गोंधळ झाला तर हुकूम कोणाचा, हे सरावाने अंगात मुरावं लागतं. केंद्र सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेत तरुणांना १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, ओळखपत्र आणि साहित्याची पिशवी मिळते. सुरुवात म्हणून ती चांगलीच आहे. पण १२ दिवसांत माणूस तयार होत नाही. तो एखाद्या चालत्या पथकात महिनोन्महिने राहून, दर आठवड्याच्या सरावाला हजर राहून, सोमवारी संध्याकाळी पंप धुताना तयार होतो. चिपळूणचा, शिरोळचा, महाडचा एखादा आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी सहा महिने जर्मनीतल्या अशा पथकाबरोबर राहिली, तर ती जे घेऊन येईल ते कुठल्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मिळणार नाही. गळक्या छपरावरचा पैसा इकडे वळवायची गरजच नाही. महापूर आला की नुकसानभरपाईवर जे खर्च होतं, त्यापुढे शंभर तरुणांचा खर्च म्हणजे किरकोळ रक्कम आहे.

पण तो पैसा कसा द्यायचा, यावर सगळं अवलंबून आहे. इथे जर्मनीच्याच एका योजनेकडून धडा घेता येतो. २००८ साली त्यांच्या विकास मंत्रालयाने ‘वेल्टव्हेर्ट्स’ नावाची योजना काढली. जर्मन तरुण वर्षभरासाठी आफ्रिका, लॅटिन अमेरिका, आशियात, भारतातही, काम करायला येतात. हेतू चांगला, पैसा भरपूर. तरी लवकरच दिसून आलं की जाणारी बहुतेक मुलं विद्यापीठाच्या वाटेवरची, शिकलेल्या आणि खात्यापित्या घरांतली आहेत. कारागिरीचं शिक्षण घेतलेली मुलं त्यात फारच थोडी. याची कारणं अनेक होती, पण एक कारण पैशाच्या रचनेतच होतं. सरकार खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देतं, उरलेली पाठवणाऱ्या संस्थेने उभी करायची. संस्था मग मुलालाच सांगते की ओळखीच्यांकडून देणग्या जमव. ज्याचे काका डॉक्टर आणि आत्या वकील, त्याच्या देणग्या आठवड्यात जमतात. ज्याचा बाप कारखान्यात पाळीवर जातो, तो मुलगा अर्जच भरत नाही. पुढे त्यांनी कारागीर तरुणांसाठी, अपंगांसाठी खास सल्ला केंद्रं काढली, प्रयत्न केले. पण एकदा बसलेली घडी मोडायला फार कष्ट पडतात.

आपल्याकडे असं काही सुरू झालं तर पहिल्या वर्षी कोण जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पुण्या-मुंबईची इंग्रजी माध्यमाची मुलं आणि पुढाऱ्यांच्या शिफारशीची मुलं. म्हणून नियम पहिल्याच दिवशी वेगळे लिहायला हवेत. खर्च पूर्ण द्यायचा आणि आधी द्यायचा. ‘आधी खर्च करा, पावत्या सादर करा, मग परतावा’ ही पद्धत इथे चालणार नाही, कारण व्याजाने पैसे काढून विमानाचं तिकीट घेणाऱ्या घराला तो परतावा वर्षाने मिळून काय उपयोग? पासपोर्टचे १५०० रुपयेही योजनेतून जावेत. व्हिसाच्या वेळी खात्यातली शिल्लक दाखवावी लागते. ती अडचण सरकारच्या हमीपत्राने सुटली पाहिजे. जामीनदार मागू नये. सातबारा गहाण ठेवायला लावू नये. भाषेचा वर्ग पुण्यात न ठेवता रत्नागिरीत, गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये भरला पाहिजे, आणि त्या काळात मुलाची रोजंदारी बुडते तिचीही सोय हवी. निवडीत इंग्रजी संभाषणाला गुण नकोत. त्याऐवजी त्याने गावात काय केलं ते विचारा आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना विचारा.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. आई-वडील मुलीला एकटीला परदेशी पाठवायला घाबरतात, आणि त्या भीतीला नुसतं मागासलेपण म्हणून झटकणं मला पटत नाही. चार-पाच जणींचा गट एकाच गावी जावा, तिथे त्यांच्यासाठी जबाबदार बाई असावी, आणि जाण्याआधी त्या बाईंनी घरच्यांशी व्हिडिओवर बोलावं, एवढं केलं तरी अनेक घरांतून होकार येईल. निम्म्या जागा मुलींसाठी ठेवल्याच पाहिजेत.

हे सगळे अर्जदार शोधायचे कुठे? ते तयार आहेत. १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत, आपल्या रासेयोत, आज देशभरात सुमारे ४० लाख विद्यार्थी आहेत. वर्षाला १२० तास काम आणि दत्तक गावातलं सात दिवसांचं शिबिर. ज्याने हिवाळ्यात पहाटे प्रभातफेरी काढली आहे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून वनराई बंधारा घातला आहे, शोषखड्डे खणले आहेत आणि रात्री गावकऱ्यांसमोर उभं राहून व्यसनमुक्तीवर पथनाट्य केलं आहे, त्याच्याकडे पुढच्या टप्प्याची भूक असते. आज त्या भुकेला उत्तर म्हणून प्रमाणपत्र आणि प्रवेशाला काही वाढीव गुण मिळतात. शिबिर संपतं, मुलं बसमध्ये बसतात आणि ते सगळं तिथेच थांबतं.

मात्र नुसतं पाठवून भागणार नाही. देवाणघेवाण दुतर्फा हवी. ब्रिटन ‘इरॅस्मस प्लस’मधून बाहेर पडला तेव्हा २०२१मध्ये त्याने ‘ट्युरिंग’ योजना काढली. तीत ब्रिटिश मुलांना बाहेर जायला पैसे होते, बाहेरून येणाऱ्यांसाठी नव्हते. वेल्सला हे पटलं नाही. त्यांनी ‘टाइथ’ नावाची स्वतःची योजना काढली आणि येणाऱ्यांचाही खर्च उचलला. त्याआधी ब्रिटिश सरकारच्याच पैशाने ‘इंटरनॅशनल सिटिझन सर्व्हिस’ चालायची. तिची रचना मला सगळ्यांत योग्य वाटते: ब्रिटनचे तरुण आणि त्या देशातले तरुण एकत्र, एकाच गावात, एकच काम करायचे. कोणी उपकार करायला आलेला पाहुणा नसायचा.

ही जोडी नसली की काय होतं, ते कंबोडियात दिसलं. परदेशी स्वयंसेवकांना ‘अनाथ मुलांबरोबर’ काम करायचं असतं, त्यासाठी ते पैसे मोजतात. मग अनाथालयं वाढत गेली. त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. चांगुलपणाने आलेल्या पाहुण्यांमुळे मुलं घरांपासून तुटली. आपल्या योजनेत लहान मुलांची काळजी घेण्याचं काम अल्पकाळ येणाऱ्या परदेशी माणसाकडे कधीही देऊ नये, इतकं स्पष्ट लिहून ठेवावं.

आणि आपण या व्यवहारात नवखे नाही. १९३४च्या बिहार भूकंपानंतर स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल काही सहकाऱ्यांबरोबर गावं पुन्हा उभारायला आले. त्यांच्याच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या स्वयंसेवकांच्या संघटनेचे तरुण पुढे बाबा आमटेंच्या आनंदवनातही राबले, तेही कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत होते त्या काळात. १९६६ साली अमेरिकी सरकारच्या ‘पीस कोअर’ या स्वयंसेवक योजनेतून ६८ वर्षांच्या एक परिचारिका विक्रोळीला आल्या आणि तिथल्या गोदरेज वसाहतीत काम करू लागल्या. त्यांचं नाव लिलियन कार्टर. पुढे त्यांचा मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे जगाने आपल्याकडे माणसं पाठवली, त्यांनी इथे काम केलं, इथून शिकून ती गेली. आपली मुलं त्याच रीतीने बाहेर गेल्याचा इतिहास मात्र तुटपुंजा आहे. बाबा आमटेंच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ प्रकल्पाच्या श्रमसंस्कार छावणीत मे महिन्याच्या उन्हात राबलेल्या मुलाकडेही जगाला देण्यासारखं काही असतं, हे सरकारने मानलेलंच नाही. आर खोऱ्यातल्या मुलांनी कोल्हापूरला यावं, पुरात अडकलेल्या जनावरांना गावं कशी हलवतात ते पाहावं. हजार माणसांचा स्वयंपाक एखाद्या मठात किंवा मंगल कार्यालयात दोन तासांत कसा उभा राहतो, हेही शिकावं.

परत आलेल्याचं काय, हा सर्वांत अवघड प्रश्न. करारनामा लिहून घ्या, इतकी वर्षं सेवा कर नाहीतर पैसे फेड, असं लगेच सुचवलं जाईल. महाराष्ट्राला याचा एक दाखला ठाऊक आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. अट होती परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची. त्यांनी अट पाळली, १९१७मध्ये बडोद्याला रुजू झाले. पण त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. महाराजांचा पैसा, महाराजांची इच्छा, विद्वत्ता सगळं होतं. परतलेल्या माणसाला सामावून घेणारी जागा नव्हती. करार मोडला तो बडोद्याच्या समाजाने. तेव्हा परतणाऱ्याकडून हमी मागण्याआधी सरकारने स्वतः हमी द्यायला हवी.

ही हमी देणं आज सोपं आहे. २०२४मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरलं आहे. परतलेल्या प्रत्येकाला या योजनेतून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणात, नगरपालिकेत किंवा पंचायत समितीत काम द्या, आणि त्याच्या तालुक्यातलं ‘आपदा मित्र’ पथक उभं करायची जबाबदारी त्याच्यावर सोपवा. नुसता कागद फिरवायला बसवलं तर तो महिन्यात निघून जाईल. त्याच्या हातात पंप, बोट आणि वीस पोरं द्या.

सुरुवात कुठून करायची, तर जिथे नातं आधीच आहे तिथून. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत आणि ते स्टुटगार्ट बाडेन-वुर्टेम्बर्गचीच राजधानी आहे. ज्या राज्याशी १० हजार नोकऱ्यांचा करार होऊ शकतो, त्याच राज्याशी १०० स्वयंसेवकांचाही होऊ शकतो: ५० आपले तिकडे, ५० त्यांचे इकडे. आपल्या पन्नासांत पहिली नावं चिपळूण, महाड, पलूस आणि शिरोळ तालुक्यांतली असावीत. निवड समितीत आमदार-खासदारांचे प्रतिनिधी नसावेत. रासेयोचे कार्यक्रम अधिकारी, पुरात काम केलेल्या गावांचे सरपंच आणि आधी जाऊन आलेले तरुण असावेत. पहिल्या वर्षी जाऊन आलेलं कोणी नसेल, तेव्हा ती खुर्ची दुसऱ्या वर्षापर्यंत रिकामी ठेवावी, पण नियमात तिची नोंद आत्ताच करावी.